सिझरनंतर सुटलेलं पोट: सुरुवात सिट-अप्सने नको, श्वासाने करा

माझं दुसरं बाळंतपण सिझरचं. जून महिना, ठाण्यात धो धो पाऊस, आणि आमचं घर पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चौथ्या दिवशी घरी आले तेव्हा जिन्याच्या प्रत्येक वळणावर ओटीपोट दोन्ही हातांनी धरून मी थांबत होते. पुढे दहा महिन्यांनी, लेकीला कडेवर घेऊन तोच जिना मी न थांबता चढू लागले आणि पोटही बऱ्यापैकी घट्ट झालं होतं. तेव्हापासून नणंद, ऑफिसातल्या मैत्रिणी, खालच्या मजल्यावरची नवी बाळंतीण, सगळ्या मला एकच विचारतात: सिट-अप्स कधीपासून सुरू करू?

सिट-अप्स सगळ्यात शेवटी. का, ते कळण्यासाठी आत काय झालंय ते आधी बघू.

बाळंतपणाच्या दिवशी गर्भाशय साधारण एक किलो वजनाचं असतं. सहा आठवड्यांत ते आपोआप शंभर ग्रॅमच्या आत येतं. म्हणजे पहिल्या दीड महिन्यात पोट जे कमी होतं, ते तुम्ही काही न करताच होतं. त्या दिवसांत आरशासमोर उभं राहून रडू नका, मी रडले आहे. सिझरमध्ये कातडी, चरबी आणि स्नायूंवरचा जाड पांढरा पडदा कापतात. पोटाचे उभे स्नायू मात्र सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. टाके बाहेरून सुकलेले दिसतात, पण तो पडदा सहा आठवड्यांनी जेमतेम निम्म्या ताकदीला आलेला असतो. पूर्ण बळ यायला सहा महिन्यांहून जास्त काळ जातो. त्यातच नऊ महिने पोट ताणलं गेल्यामुळे दोन उभ्या स्नायूंमधली पट्टी सैल पडलेली असते. त्यामुळे चरबी फारशी नसली तरी पोट पुढे दिसतं. ही पट्टी पुन्हा ताठ करायची, हे खरं काम.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आठव्या आठवड्यात, लेक झोपली की मोबाइलवर व्हिडिओ लावून मी सिट-अप्स काढायला लागले. तिसऱ्या दिवशी उठता उठता पोटाकडे लक्ष गेलं. बेंबीच्या वर, बरोबर मधोमध, करंजीच्या कडेसारखा एक उभा उंचवटा आला होता. खाली पाठ टेकली की तो नाहीसा व्हायचा. मी घाबरून एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी माझीच बोटं माझ्या पोटावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता डोकं उचला." तीन बोटं आत गेली, भिजवलेल्या कणकेत रुतावीत तशी. "रोज सिट-अप्स काढून तुम्ही ही फट आणखी ताणताय," त्या म्हणाल्या.

ही तपासणी तुम्ही घरीही करू शकता, फक्त सहा आठवडे झाल्यावर आणि टाक्यांची दुखण थांबल्यावर. उताणं झोपा, गुडघे उभे, तळवे जमिनीवर. बोटं शेजारी शेजारी धरून, टोकं पायांकडे करून बेंबीवर हलकी दाबा. आता मान आणि खांदे थोडेसेच उचला. बोटांच्या दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा जवळ आलेल्या जाणवतील. मध्ये किती बोटं मावतात ते मोजा. मग बेंबीच्या दोन इंच वर आणि दोन इंच खाली तसंच बघा. एक-दीड बोट असेल तर काळजी नाही. दोन किंवा जास्त असतील तर एकदा फिजिओला दाखवाच. बोटांखाली ताठ लागतंय की लोण्यासारखं मऊ, हेही बघा. माझी फट शेवटी दीड बोट उरलीच, पण तळ ताठ झाला, आणि तेवढं पुरलं.

आता अगदी पहिल्या दिवसांकडे येऊ, कारण पोटाचं काम तिथूनच सुरू होतं. पलंगावरून सरळ उठून बसायचं नाही, कधीच नाही. आधी गुडघे वाकवा, सगळं अंग एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि वरच्या हाताने गादीवर रेटा देऊन बसा. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं, त्या प्रत्येक वेळी असंच. खोकला, शिंक किंवा हसू येणार असं वाटलं की टाक्यांवर उशी दाबून धरा. माझ्या उशाला मोठ्या मुलाची एक छोटी उशी कायम असायची. शौचाला जोर लावू नका. पाणी, भाज्या, भिजवलेले मनुके, आणि तरीही होत नसेल तर डॉक्टरांना औषध विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याची भरलेली बादली नाही, दळणाचा डबा नाही, आणि मोठं मूल रडलं तरी त्याला उचलून नाही, खाली बसून जवळ घ्यायचं. हे माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं.

श्वासाचा व्यायाम दुखलं नाही तर पहिल्या आठवड्यातही चालतो. मी तो दर वेळी दूध पाजून झाल्यावर करायची. पाठीवर किंवा कुशीवर झोपा, तळवे बरगड्यांवर ठेवा. नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूला फुलू द्या, पोट सैल सोडा. मग गरम चहावर फुंकर घालतो तशी तोंडाने हळूहळू हवा सोडा, आणि सोडता सोडता ओटीपोट खालून वर आत ओढा, पँटची चेन लावल्यासारखं. पाठ हलू द्यायची नाही, श्वास कोंडायचा नाही. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. वरून काहीच घडल्यासारखं वाटत नाही. पण पोटाला आडवा वेढा घालणारा सगळ्यात आतला स्नायू यानेच जागा होतो, आणि तो जागा झाल्याशिवाय वरचे व्यायाम वाया जातात.

त्याच फुंकरीबरोबर खालचे स्नायूही आवळा, शू आणि वारा दोन्ही रोखल्यासारखे. तीन सेकंद धरा, पूर्ण सैल सोडा, दहा वेळा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. मूत्रनळी लावलेली असेल तर ती काढल्यावर आणि शू नीट होऊ लागल्यावर सुरू करा. शू करताना मध्येच धार थांबवून सराव करू नका. "सिझर झालं, मग याची काय गरज?" असं मलाही वाटलं होतं. पण नऊ महिन्यांचं ओझं त्याच स्नायूंनी पेललेलं असतं, बाळ कुठूनही बाहेर येवो.

पोट बांधण्याबद्दल. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जुन्या सुती लुगड्याची पट्टी घट्ट बांधायला घेतली. मी त्यांना म्हटलं, "आई, थोडी सैल ठेवा, टाक्यांवर दाब येतोय." त्यांनी लगेच ऐकलं. बांधल्याने आधार मिळतो, उठता-चालताना दुखणं कमी होतं, म्हणून पहिले काही आठवडे पट्टी किंवा बेल्ट जरूर वापरा. पण त्याने स्नायू घट्ट होत नाहीत. फार आवळलं तर दाब खाली जातो, आणि घामाने टाक्यांची जागा ओली राहते. आपल्याकडच्या दमट हवेत हे फार जपायला हवं. आंघोळीनंतर टाके मऊ कपड्याने टिपून कोरडे करा आणि पोटाची घडी खाली लोंबत असेल तर ती उचलून हवा लागू द्या. मालिशवाल्या बाईंना पाठ, हात, पाय चोळू द्या. पोटाला हात नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

चालणं मी घरातल्या घरात सुरू केलं. सहाव्या आठवड्यानंतर, पाऊस उघडला की संध्याकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारायची. दहा मिनिटांनी सुरुवात, मग वाढवत अर्धा तास.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी टाके बघून हिरवा कंदील दिला की दोन गोष्टी सुरू करायच्या. पहिली, टाक्यांचा मसाज. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जखम पूर्ण भरलेली हवी, खपली नको, लाली नको. थोडं खोबरेल तेल घ्या. पहिले काही दिवस टाक्यांच्या वर-खालीच बोटं फिरवा. मग दोन बोटं व्रणावरच ठेवून कातडी डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवा, शेवटी छोटे गोल. रोज पाच मिनिटं. व्रण आतल्या थराला चिकटून बसला की वरचं पोट त्याच्यावर झुकतं. ओटीपोटावर जी घडी दिसते तिचं हे एक कारण असतं. माझ्या टाक्यांच्या वरची चार बोटं जागा दाढ काढताना गाल होतो तशी बधिर होती. तिथे मी आधी कापूस, मग टॉवेल फिरवायची. सात-आठ महिन्यांनी जाणीव परत आली.

दुसरी गोष्ट म्हणजे व्यायाम. सगळे फुंकरीवर, म्हणजे जोराच्या वेळी श्वास बाहेर. उताणं झोपून कंबर जमिनीला टेकवणं आणि सोडणं. मग एक टाच जमिनीवरून घासत पाय लांब करून परत आणणं, दुसरा पाय तसाच. जमलं की सेतुबंधासन, पण कंबर अर्धीच उचलायची. मग हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात समोर आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करणं. प्रत्येकी दहा, आठवड्यातून पाच दिवस. मी प्रत्येक व्यायामाला दोन आठवडे दिले. बारा आठवड्यांनंतर उताणं झोपून पाय उचलायचे प्रकार आणि गुडघ्यावरचा साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन कोपर आणि गुडघ्यावर अंग तोलून धरणं. नियम एकच: मधोमध उंचवटा दिसला की तो व्यायाम अजून तुमचा नाही, एक पायरी मागे या. नौकासन, धनुरासन, सूर्यनमस्कार यांची मी सहा महिने घाई केली नाही.

पण खरा फरक पडला तो चटईवर नाही, दिवसभराच्या कामात. पाळण्यातून बाळ उचलताना आधी फुंकर, ओटीपोट आत, मग उचलायचं. वाण्याकडची पिशवी, कुकर, लोकल पकडताना खांद्यावरची बॅग, सगळ्याला तसंच. पाजताना पाठीला उशी लावून ताठ बसा. पोक काढून बसलं की पोट पुढे ढकललं जातं.

खाणं कमी करू नका. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. माझी आई सिन्नरहून डिंकाचे लाडू घेऊन आली होती. रोज एक खाल्ला, चार नाही. टाके भरायला प्रथिनं लागतात, म्हणून वरण, अंडी, मासे, पनीर रोज काहीतरी.

ताप आला, टाक्यांतून पू किंवा वास आला, लाली पसरली, तासाभरात पॅड भिजला, एकाच पोटरीला सूज येऊन दुखू लागली, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिट थांबू नका. टाक्यांजवळ किंवा बेंबीत फुगा येऊन तो खोकताना वाढत असेल तर हर्निया असू शकतो, सर्जनला दाखवा. आणि हसताना, शिंकताना शू गळत असेल, सहा महिने झाले तरी, तर "बाळंतपणानंतर असं होतंच" म्हणून सोडून देऊ नका. माझी नणंद दोन वर्षं पॅड लावून ऑफिसला जात होती. फिजिओकडे गेल्यावर तीन महिन्यांत तिचं गळणं थांबलं.