सोलापूरच्या उन्हात कृत्रिम गवत: अंगणात अंथरण्याआधी या चुका टाळा

चैत्र लागला की जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतल्या बंगल्यांपुढची लॉन पिवळी पडायला लागते. नळाला पाणी काही दिवसांआड, आणि बोअर हवा ओढायला लागलेला. अशा वेळी कृत्रिम गवताचा विचार मनात येणारच, आणि त्यामागचा हिशोब खराही आहे. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात लॉनला दिवसाला पाच-सहा मिलीमीटर पाणी सहज लागतं. दोनशे चौरस फुटांच्या तुकड्याला म्हणजे रोज शंभर लिटरच्या आसपास, महिन्याला तीन हजार लिटर. उजनीच्या पातळीकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरात एवढं पाणी शोभेच्या गवतावर ओतणं मला पटत नाही.

त्यामुळे प्लॅस्टिकचं गवत सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. पाणी वाचतं, चिखल होत नाही, कापणी आणि खतांचा खर्च नाही. जिथे सावलीमुळे खरं गवत उगवतच नाही, तिथेही ते हिरवं दिसतं. पण सोलापुरात पाणी जितकं कमी, तितकंच ऊन जास्त. लोकांच्या बहुतेक तक्रारी या उन्हाचा विचार न केल्यामुळे सुरू होतात.

चूक पहिली: जागा हिवाळ्यात ठरवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

खरं गवत पानांतून पाणी बाहेर टाकतं आणि त्या बाष्पीभवनात उष्णता खर्च होते. म्हणून दुपारीही त्यावर अनवाणी चालता येतं. कृत्रिम गवताची पाती पॉलिथिलीन, पॉलिप्रोपिलीन किंवा नायलॉनची असतात. ती ऊन शोषतात आणि तापतात. हवेचं तापमान ४२-४३ अंश असताना भर उन्हातल्या अशा गवताचा पृष्ठभाग ६०-७० अंशांपर्यंत सहज जातो. लहान मुलांच्या तळपायांना आणि कुत्र्याच्या पंजांना हे सोसवणारं नाही. पाणी मारलं की थंडावा मिळतो, पण तो काही मिनिटांचा. पाणी उडून गेलं की तापमान पुन्हा चढतं. आणि पाणी वाचवायला घेतलेल्या गवतावर रोज पाणीच मारायचं असेल, तर मूळ हेतूच गेला.

हे गवत जगभर माहीत झालं ते अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममुळे. १९६५ मध्ये सुरू झालेल्या त्या छताच्या स्टेडियममध्ये आधी खरं गवत होतं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपायला लागले, म्हणून तावदानं रंगवली. प्रकाश कमी झाला आणि गवत मेलं. त्या जागी १९६६ मध्ये कृत्रिम गवत अंथरलं. म्हणजे या वस्तूचा पहिला गाजलेला वापर छताखाली, जिथे खरं गवत जगू शकत नाही अशा जागी झाला. आपल्या घरी जागा निवडतानाही हीच कसोटी लावा.

आता हिवाळ्याचा मुद्दा. सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून घराच्या उत्तरेची पट्टी दिवसभर सावलीत दिसते. ती पाहून लोक ठरवतात, इथे टाकू. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडेच असतो. भिंतीची सावली नाहीशी होते आणि तीच पट्टी भाजून निघते. जागा एप्रिल-मेमध्ये, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान पाहून ठरवा. पोर्चखाली, जिन्याखाली, वर स्लॅब असलेल्या बाल्कनीत, डेरेदार झाडाच्या घट्ट सावलीला लागून असलेल्या जागेत हे गवत चांगलं टिकतं. पश्चिमेचं उघडं अंगण मात्र टाळाच.

टाकून झालं असेल आणि तापत असेल, तर वर ५० टक्के सावलीचं शेडनेट ताणा, रोपवाटिकांना लावतात तसं. मुलांना सोडण्याआधी हाताचा मागचा भाग पाच सेकंद गवताला लावून पाहा. तुम्हाला चटका बसला तर त्यांना बसणारच.

याच संदर्भात आणखी एक कारण लक्षात येत नाही. गवताचा एकच पट्टा वितळून गुंडाळल्यासारखा झाला असेल, तर समोरच्या खिडकीकडे बघा. आरशासारख्या चकाकणाऱ्या काचेवरून परावर्तित झालेलं ऊन एका जागी एकवटतं आणि पाती वितळवतं. दोष गवताचा समजून नवा तुकडा लावला तर तोही जातो. आधी त्या खिडकीला बाहेरून जाळी किंवा चिक लावा.

चूक दुसरी: काळ्या मातीवर थेट अंथरणे

"जमीन सपाट आहे, तशीच टाकून देतो" असं म्हणणाऱ्या माणसाला काम देऊ नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वर काहीही अंथरा, वर्षभरात ते वर-खाली होणार. मग गवताला चुण्या पडतात, खळग्यात पाणी साचतं, जोड उसवतात.

नीट काम असं होतं. वरची सहा इंच माती काढायची. मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मस करायचं. त्यावर तीनेक इंच बारीक खडी आणि कच यांचा थर, तोही दाबून. दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार, घराच्या भिंतीपासून दूर जाणारा. मग जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड, आणि त्यावर गवत. कडेला दगडाची किंवा विटांची पक्की किनार. या कामाला गवताइतका किंवा जास्तही खर्च येतो, म्हणूनच स्वस्त कोटेशनमध्ये ते गाळलेलं असतं. पैसे कमी असतील तर जागा लहान करा, पाया कमी करू नका.

कापडाऐवजी काळं प्लॅस्टिक अंथरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. त्याने तण थांबेल असं वाटतं, पण पाणी खाली जात नाही. आपल्याकडे पाऊस एकूण कमी असला तरी परतीच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तो कोसळतो. ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी आठवत असेल. असा पाऊस प्लॅस्टिकवर साचला की महिनाभर कुबट वास येतो.

आणि लव्हाळा. त्याच्या जमिनीतल्या गाठी शाबूत असतील तर टोकदार कोंब जिओटेक्स्टाइल फोडून गवतातून वर येतात. काम सुरू करण्याआधी जागेला पाणी देऊन लव्हाळा उगवू द्या, गाठींसकट खणून काढा, पुन्हा पाणी द्या, पुन्हा काढा. यासाठी महिना-दीड महिना लागतो. कंत्राटदार एवढं थांबायला तयार नसतो, तुम्ही थांबवा.

चूक तिसरी: "याला पाणी लागतच नाही" समजणे

सोलापूरची धूळ पात्यांच्या मुळाशी बसते. काही महिन्यांत गवत राखाडी आणि चपटं दिसायला लागतं. धुळीच्या थरावर तणाचं बी पडलं तर तेही उगवतं, गाजरगवत तर हमखास. कडक नायलॉनच्या झाडूने, पाती ज्या बाजूला झुकली आहेत त्याच्या उलट दिशेने, आठवड्यातून एकदा झाडा. पाती उभी राहतात आणि धूळही निघते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा धुवावंही लागतं. बोअरच्या जड पाण्याने धुतलं तर पांढरे क्षाराचे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्या.

घरात कुत्रा असेल तर विचार पक्का करून मगच घ्या. सात-आठ महिने पाऊस नसलेल्या गावात मूत्र खालच्या थरात साचत राहतं आणि उन्हात अमोनियाचा वास उठतो. वरून फिनेल मारून तो जात नाही, एक कड उचलून खालची खडी भरपूर पाण्याने धुवावी लागते. पात्यांच्या मुळाशी पसरायच्या वाळूच्या भरणाऐवजी झिओलाइट हे खनिज वापरलं तर वास बराच आटोक्यात राहतो, कारण ते अमोनिया धरून ठेवतं.

आग आणि सण

प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक. फुलबाजीची एक ठिणगी, भुईनळ्याचा फवारा, हुरडा भाजताना उडालेला निखारा, तुळशीपाशी कलंडलेली पणती, यातलं काहीही पुरेसं आहे. तुळशीवृंदावनाभोवती दोन-तीन फूट फरशीच राहू द्या. रांगोळीही गवतावर नको, ती पात्यांत शिरली की निघत नाही. गवत बसवून झाल्यावर त्याच रोलचा तीन-चार चौरस फुटांचा तुकडा मागून ठेवा. जळालेला भाग चौकोनी कापून, पात्यांची दिशा जुळवून, तो तुकडा खालून जोडपट्टी आणि गोंद लावून बसवता येतो. नंतर बाजारात तीच छटा मिळत नाही.

खरेदी करताना

लोक उंची विचारतात, विचारायला हवी घनता. ३५ मिलीमीटरचं विरळ गवत काही महिन्यांत आडवं पडतं, २५ मिलीमीटरचं दाट गवत उभं राहतं. तुकडा उलटा दुमडून बघा. पात्यांमधून खालचं अस्तर ठळक दिसत असेल तर ते सोडा. प्रति चौरस मीटर वजन विचारा. अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाची हमी बिलावर लिहून घ्या आणि ती उघड्या उन्हासाठी लागू आहे का, हेही वाचा. आपल्याकडे रंग उडणं आणि पाती ठिसूळ होऊन तुटणं हीच खरी परीक्षा आहे. तुटलेली पाती मातीत आणि नाल्यात जातात, प्लॅस्टिकचा कण होऊन.

भरणासाठी धुतलेली सिलिका वाळू घ्या. जुन्या टायरचे काळे रबरी दाणे घरात आणू नका. ते आणखी तापतात आणि पायांना चिकटून घरभर फिरतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवरच्या नियमांत खेळाच्या मैदानांवरचे असे दाणे आठ वर्षांच्या मुदतीनंतर विकायला बंदी घातली आहे.

बसवताना रोल उलगडून काही तास तसाच पडू द्या, म्हणजे घड्या सुटतात. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला हवीत, नाहीतर जोड लांबूनही दिसतो.

गच्चीवर

जुन्या माळवदाच्या घरावर हे करूच नका. मातीच्या छताला ओल आणि वजन दोन्ही सोसत नाही. आरसीसी गच्ची असेल तर आधी वॉटरप्रूफिंग तपासा, पाण्याचे आउटलेट उघडे ठेवा, आणि गवत गोंदाने चिकटवू नका. कधीतरी गळती शोधायची वेळ येते, तेव्हा ते गुंडाळून बाजूला करता आलं पाहिजे. खाली जाळीदार ड्रेनेज मॅट घातली तर पाणी वाहून जायला वाट राहते. उन्हाळ्यात त्यावर पापड-कुरडया वाळत घालू नका, हेही सांगून ठेवतो.

चूक शेवटची: सगळं अंगण झाकून टाकणे

माझा सगळ्यात जास्त विरोध याला आहे. झाकलेल्या मातीत पालापाचोळा जात नाही, गांडुळं राहत नाहीत, पक्ष्यांना टिपायला काही उरत नाही. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या बुंध्यापर्यंत गवत नेलं तर झाड हळूहळू खंगतं. आळ्याएवढी जागा तरी मोकळी ठेवाच, फांद्यांच्या घेरापर्यंत ठेवलीत तर उत्तम. शिवाय हे गवत कधीतरी काढावं लागणार. पाती एका प्लॅस्टिकची, अस्तर दुसऱ्या, त्यावर लेटेक्सचा थर, आत अडकलेली वाळू. असं मिश्रण भंगारवालाही घेत नाही, आणि ते जाळणं म्हणजे शेजाऱ्यांच्या फुप्फुसात धूर घालणं. अंगणाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त जागा त्याला देऊ नये, असं माझं मत आहे.

उरलेल्या जागेत शहाबादी फरशी दोन-दोन इंच फट सोडून बसवा आणि फटींत हरळी लावा. हरळी आपल्या मातीतली आहे. पाणी तुटलं तर पिवळी पडून झोपते आणि पहिल्या पावसाने पुन्हा हिरवी होते. गणपतीला दूर्वाही घरच्याच मिळतात. जूनमधल्या पहिल्या दमदार पावसानंतर मुळासकट काड्या चार-सहा इंचांवर खोचा. पावसाने ओढ दिली तर कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी घाला, पोळ्यापर्यंत फटी भरतात. मात्र जिथे कृत्रिम गवत टाकणार आहात त्याच्या कडेला हरळी लावू नका, ती खालून शिरते. मध्ये फूटभर फरशीची पट्टी ठेवा.