टर्बो बदलायच्या आधी बूस्ट लीक शोधा, प्रेशर टेस्ट अशी करायची

गाडीचा पिकअप गेला की पहिला संशय टर्बोवरच (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) येतो, मलाही आला होता. माझी डिझेल गाडी, चढावर पाय पूर्ण दाबला तरी ओढायचीच नाही, बॉनेटखालून नुसता फुस्स्स आवाज, मागे काळा धूर, आणि स्कॅनर लावला तर पी०२९९, म्हणजे अंडरबूस्टचा, टर्बोचा दाब (बूस्ट) कमी पडत असल्याचा कोड. एका मेकॅनिकने बॉनेट उघडल्या उघडल्या "टर्बो गेला" म्हणून सांगून टाकलं. शेवटी निघालं काय, तर इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणारी जाळी) होजला क्लॅम्पच्या अगदी कडेला, खालच्या बाजूने, बोटाच्या पेराएवढी चीर. वरून होज एकदम ठणठणीत दिसत होता, हातात घेऊन वाकवला तेव्हा चिरेने तोंड उघडलं.

आधी होतं काय ते थोडक्यात. टर्बोने दाबलेली हवा पाईपमधून इंटरकूलरला, तिथून थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि मग इनटेक मॅनिफोल्डला (सिलेंडरांना हवा वाटणारा भाग) जाते. या वाटेत कुठेही फट पडली की दाबलेली हवा बाहेर पळते. टार्गेट बूस्ट गाठायला टर्बोला जास्त जोरात फिरावं लागतं, म्हणजे तो तापतोही जास्त, आणि लीक मोठा असेल तर तरीही बूस्ट पुरा पडत नाही. ज्या पेट्रोल गाड्यांना एअर फ्लो सेन्सर असतो त्यांचं अजून एक दुखणं, सेन्सरने हवा मोजलेली असते, इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या हिशोबाने पेट्रोल टाकतो आणि मोजलेली हवा मध्येच पळून गेलेली असते, मग मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. लीक थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डला असेल तर आयडलला उलटा प्रकार, तिथे व्हॅक्यूम असतो त्यामुळे न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि इंजिन हलायला लागतं.

एक गोष्ट बरेच जण उलटी समजतात. टर्बोकडून साध्या वेस्टगेट अ‍ॅक्च्युएटरला (बूस्ट आवरणारी झडप उघडणारा भाग) जाणारी बारीक नळी फाटली किंवा निघाली तर बूस्ट कमी नाही होत, वाढतो, कारण अ‍ॅक्च्युएटरला प्रेशरच पोचत नाही आणि वेस्टगेट उघडत नाही. त्यामुळे ओव्हरबूस्ट येत असेल तर मोठे पाईप नंतर बघा, आधी ती नळी बघा.

पहिलं काम फुकटचं आहे, टॉर्च आणि हात. प्रत्येक जोडावर बोट फिरवून बघा. टर्बोच्या पाईपमध्ये थोडी तेलाची वाफ असतेच, त्यामुळे जिथून हवा पळते तिथे बाहेरून तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग पडतो. माझ्या होजवर तो डाग होता आणि मी महिनाभर आधी तो फडक्याने पुसून टाकला होता, स्वच्छता म्हणून!

डोळ्याला नाही सापडलं की प्रेशर टेस्ट. सायकलची ट्यूब फुगवून पाण्यात धरतात आणि बुडबुडे बघतात, तेच इथे, फक्त पाण्यात बुडवायच्या ऐवजी साबणाचं पाणी मारायचं. टेस्टर बनवायला टर्बोच्या इनलेटच्या मापाची पीव्हीसी कॅप, तिला भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा वॉल्व, एक सिलिकॉन कपलर आणि दोन क्लॅम्प एवढंच लागतं. कॉम्प्रेसरला मात्र रेग्युलेटर आणि गेज हवाच. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप इथे बऱ्याचदा कमी पडतो, लीक मोठा असेल तर प्रेशर चढतच नाही, पण तेवढा मोठा लीक कानालाच सापडतो.

इंजिन गार आणि बंद पाहिजे. एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढा आणि टेस्टर थेट टर्बोच्या तोंडावर बसवा. त्याच्या आधी फिल्टर बॉक्सवर नको, कारण इंजिनचा ब्रीदर पाईप बहुतेक गाड्यांत टर्बोच्या आधी येऊन मिळतो, तिथून हवा क्रँककेसमध्ये (इंजिनचा खालचा, तेलाचा भाग) शिरली तर डिपस्टिक उडते आणि ऑइल सीलची वाट लागू शकते. काळजी म्हणून ऑइल फिलरचं झाकण पण काढून ठेवा.

आता ५ पीएसआयपासून सुरुवात करा. काही नाही सापडलं तर हळूहळू वाढवा, कंपनी सेटिंगच्या गाडीला १५ च्या वर जायची गरज नाही. या आकड्याला हलकं समजू नका राव, ३ इंच व्यासाच्या कॅपवर १५ पीएसआय म्हणजे साधारण ४८ किलोचा जोर, क्लॅम्प नीट नसेल तर कॅप गोळीसारखी सुटते. कॅपच्या समोर तोंड आणायचं नाही, डोळ्याला चष्मा लावायचा, आणि कुठलाही क्लॅम्प ढिला करायच्या आधी प्रेशर पूर्ण सोडायचं.

मग शांतपणे ऐका. रेडिओ, पंखा सगळं बंद. आवाजाच्या दिशेने जा आणि तिथे भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी स्प्रे करा. मोठा लीक फेस उडवून लावतो, बारीक असेल तर पांढऱ्या फेसाचा गोळा हळूहळू फुगत जातो, त्याला थोडा वेळ द्या. सगळे होज जोड, इंटरकूलरची प्लास्टिक टाकी जिथे अ‍ॅल्युमिनियमला दाबून बसवलेली असते ती कड, क्लिपवाल्या पाईपांचे ओ-रिंग, मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) बूड, थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट, सगळीकडे मारा. डायव्हर्टर वॉल्व (अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जादा दाब वळवणारा) असेल तर त्याचा रबरी पडदा फाटतो, तो बाहेरून दिसत नाही, काढूनच बघावा लागतो.

गेज हळूहळू खाली येतोय म्हणून घाबरू नका, थोडी हवा पिस्टन रिंगमधून जातेच, ऑइल फिलरच्या तोंडाशी बारीक सूं सूं येणं नॉर्मल आहे. तिथून जोरात झोत येत असेल तर पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेकला नेणारी व्यवस्था) एकतर्फी वॉल्व तपासा. सायलेन्सरमधून हवा येत असेल तर एखाद्या सिलेंडरचे दोन्ही वॉल्व एकाच वेळी थोडे उघडे असू शकतात, प्रेशर सोडा, मॅन्युअल गाडी टॉप गिअरला टाकून थोडी पुढे ढकला, परत न्यूट्रल करा आणि मग हवा भरा.

एक लीक सापडला म्हणून पाना ठेवून द्यायचा नाही. मोठ्या फटीमुळे आधी प्रेशरच चढत नव्हतं, म्हणून बारीक लीक लपून राहतात, ती बंद केली की दुसरे बोलायला लागतात. माझ्या गाडीत चिरेनंतर एका जोडाचा ओ-रिंगही निघाला, चपटा होऊन गेला होता.

दुरुस्तीत जुगाड करू नका. फाटलेल्या होजवर टेप किंवा सिलिकॉन सीलंट हे घरी पोचेपर्यंत ठीक, बूस्ट आणि उष्णता त्याला टिकू देत नाही, आणि आत सुटलेला सीलंटचा तुकडा पुढे इंजिनकडेच जाणार. होज बदला. होज नुसता सटकत असेल तर बहुतेक वेळा तेल हेच कारण, पाईप आणि होजची आतली बाजू ब्रेक क्लीनरने तेलाचा अंश राहणार नाही इतकी पुसा, वाळू द्या, मग कोरडंच बसवा. पाईपच्या टोकाला जी उठलेली कड असते तिच्या मागे क्लॅम्प यायला हवा, कडेवर नाही, ही चूक मी दोनदा केली आहे. साध्या स्क्रूच्या क्लॅम्पच्या खाचांमधून मऊ सिलिकॉन बाहेर येतं आणि कापलं जातं, तिथे टी-बोल्ट क्लॅम्प किंवा आतून सपाट पट्टी असलेला बरा. आणि जास्त आवळू नका, होज फुगून क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंनी वर आला की समजा जास्त झालं. इंटरकूलरच्या कडेने गळत असेल तर एपॉक्सी लावून मी वेळ घालवला, थंड-गरम होऊन ते परत सुटलं, शेवटी इंटरकूलरच बदलला.

सगळं जोडल्यावर कोड काढून टाका आणि स्कॅनर लावून एक फेरी मारा, अपेक्षित बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट असे दोन्ही आकडे शेजारी ठेवून. मॅप सेन्सर अ‍ॅब्सोल्यूट आकडा दाखवतो, समुद्रसपाटीला इंजिन बंद असतानाही १०० केपीएच्या आसपास, म्हणजे २०० दिसलं की बूस्ट साधारण १ बार, नाहीतर उगाच डबल बूस्ट मिळतोय म्हणून खूश व्हाल. दोन-तीन दिवस गाडी चालली की गार इंजिनवर नवीन क्लॅम्प परत एकदा तपासा, सिलिकॉन दबून जागेवर बसतं आणि पकड ढिली पडते. माझा टर्बोजवळचा क्लॅम्प तेव्हा अर्धा फेरा अजून फिरला.