पाण्याचं तापमान आधी लिहा

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या टर्बोमशिनरी लॅबमध्ये, म्हणजे पंप-टर्बाइनसारख्या फिरत्या यंत्रांच्या लॅबमध्ये, मी एम.टेक.चं काम केलं. यंदा या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

सुरुवातीला नुसती रीडिंग घ्यावी लागतात. कंटाळू नका. प्रवाह मोजायच्या व्ही-नॉचवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेवर, पाण्याची उंची 2.5 या घातात जाते, त्यामुळे उंचीत 1 टक्का चुकलात तर प्रवाहात 2.5 टक्के चुकता. पाणी संथ होईपर्यंत ही उंची मोजणाऱ्या हूक गेजला हात लावू नका.

माझा विषय होता सेंट्रिफ्यूगल पंपातलं कॅव्हिटेशन. इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, तोंडाशी दाब पाण्याच्या बाष्पदाबापर्यंत (ज्या दाबाला पाणी त्या तापमानात उकळतं) उतरला की वाफेचे बुडबुडे धरतात आणि पुढे जास्त दाबात गेले की फुटतात. पंपातून खडी वाहतेय असा आवाज येतो. चाचणीत प्रवाह तोच ठेवून सक्शन व्हॉल्व्ह आवळत जायचं आणि हेड (पंप पाण्याला देतो तो दाब, मीटर उंचीत) 3 टक्के पडलं की तिथला एनपीएसएच, म्हणजे पंपाच्या तोंडाशी बाष्पदाबाच्या वर उरलेलं हेड, काढायचा.

फेब्रुवारीतली चाचणी मी मे महिन्यात पुन्हा केली, तर एनपीएसएच सुमारे 35 सेंटिमीटर जास्त आला. गेज बदलला, पंप खोलला, इंपेलर तपासला. सगळं ठीक. दोन आठवडे असेच गेले. शेवटी लॅबच्या मामांनी टाकीत हात घातला आणि म्हणाले, "ताई, पाणी बघा किती तापलंय." थर्मामीटर टाकला तर 37 अंश! फेब्रुवारीत ते 23 होतं, आणि मी दोन्ही वेळा पुस्तकातला 20 अंशांचा बाष्पदाब धरला होता. 20 अंशांना तो 2.3 किलोपास्कल असतो, 37 ला 6.3. म्हणजे मेमध्ये मी वजा करायचा दाब फारच कमी धरला होता.

वातावरणाचा दाबही मी समुद्रसपाटीचा, 10.3 मीटर पाण्याच्या उंचीइतका धरला होता. सोलापूर साधारण 460 मीटर उंचीवर, म्हणजे अर्ध्या मीटरहून जास्त हेड इथे मुळातच कमी. ही चूक दोन्ही चाचण्यांत सारखीच असल्यामुळे कधी दिसलीच नसती. मला आजही तीच जास्त टोचते.

पुढे औष्णिक वीजकेंद्रांचा अभ्यास करताना हेच मोठ्या आकारात भेटलं. बॉयलर फीड पंपाला उकळत्या पाण्याच्या बेतातलं पाणी ओढायचं असतं, म्हणून डीएरेटर (पाण्यातली हवा काढणारी टाकी) उंचावर बसवतात आणि मुख्य पंपाआधी बूस्टर पंप लावतात. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीच्या वीजकेंद्रात 660 मेगावॅटचे दोन संच आहेत. भेटीची संधी मिळाली तर टर्बाइनइतकाच वेळ फीड पंपापाशी द्या.

लॅबच्या वहीत पहिले दोन रकाने पाण्याच्या तापमानाचे आणि बॅरोमीटरचे आखा. पंप सुरू करण्याआधी भरा, आणि दुपारी पुन्हा एकदा.