परदेशात आलेल्या बायकांचं नैराश्य, ॲप आणि चालणं: या चुका टाळा

फोनमध्ये एक ॲप टाकून द्यायचं, मनगटावर पट्टा बांधायचा, व्हॉट्सॲपवर चालण्याचा गट काढायचा. महिन्याभरात गटातल्या निम्म्या बायका गप्प होतात. स्थलांतरित बायकांसाठी असे उपक्रम काढणारे बहुतेक जण याच खड्ड्यात पडतात. हालचालीने नैराश्य हलकं होतं, सौम्य आणि मध्यम नैराश्यात तर चांगलंच होतं. उपाय बरोबर असतो, घाई नडते.

पहिल्याच दिवशी दहा हजार पावलं

ही सगळ्यांची लाडकी चूक. हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं आणि ते खपवताना हा गोल आकडा लोकांच्या डोक्यात बसला. नैराश्यात ज्या बाईला सकाळी अंथरुणातून उठणं जड जातं, तिच्यापुढे तो ठेवण्यात काय अर्थ आहे?

पुढे काय होतं तेही ठरलेलं. गटात रोज रात्री पावलांची क्रमवारी पडते. वरच्या तीन-चार जणी बारा-तेरा हजारांवर, तळाला एक बाई अकराशेवर. तिचं मूल दोन वर्षांचं, नवरा रात्रपाळीला, घर तिसऱ्या मजल्यावर, बाहेर साडेचारलाच अंधार. खरं तर ती दिवसभर पायांवरच असते, पण फोन चार्जिंगला किंवा ओट्यावर, मग पावलं मोजणार कोण? दोन-तीन रात्री ती यादीखाली अंगठा टाकते. मग गट म्यूट, आणि काही दिवसांनी ॲपही काढून टाकते. उपक्रमवाले म्हणतात, ‘तिलाच इच्छा नाही.’ अहो, इच्छा नसणं हे तर या आजाराचं लक्षण आहे, त्याचाच ठपका तिच्यावर ठेवता?

क्रमवारी बंद करा, कायमची. पहिला आठवडा नुसता मोजायचा, लक्ष्य द्यायचं नाही. कपड्यांना खिसा नसेल तर फोनसाठी कमरेला छोटा पाउच बांधायला सांगा. सात दिवसांची सरासरी काढा, तिच्यावर ५०० पावलं वाढवा आणि दोन आठवडे तिथेच थांबा. तिला जमतंय असं दिसलं तरी थांबा.

त्यापेक्षा सोपं म्हणजे पावलं सोडून मिनिटं धरायची: दिवसातून दोनदा दहा मिनिटं, रोजच्या एखाद्या कामाला जोडून. मुलाला शाळेत सोडून येताना एक वळसा जास्त घेतला की झालं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. तिथे पोचायला दोन-तीन महिने लागले तर लागू देत. काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, हेही त्याच सूचनांमध्ये आहे. ते मात्र कुणी वाचत नाही.

ॲप दिलं, काम झालं

मागे माणूस नसलेलं ॲप बहुतेक जणी मध्येच सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेचाच ‘स्टेप-बाय-स्टेप’ हा फोनवरचा कार्यक्रम बघा. लेबनॉनमध्ये सीरियन निर्वासितांबरोबर त्याच्या चाचण्या झाल्या. त्यात पाच सत्रं आहेत आणि जोडीला आठवड्यातून साधारण पंधरा मिनिटं बोलणारा मदतनीस. हे मदतनीस मानसोपचारतज्ज्ञ नसतात, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं असतात. नक्कल करणारे सत्रं उचलतात आणि ही पंधरा मिनिटं गाळतात, कारण वेळ आणि पैसा तिथेच जातो.

फोनचा वार आणि वेळ ठरवा, आणि ती वेळ तिने सांगितलेली असू द्या: घरात एकटी असते ती. फोन उचलला नाही तर एक छोटा व्हॉइस मेसेज, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा फोन. तीनच गोष्टी विचारा: काय ठरवलं होतं, कशात अडकलं, पुढचं कधी. ‘कसं वाटतंय?’ने सुरुवात केली की ‘ठीक आहे’ एवढंच ऐकू येतं. मन लागेल तेव्हा चालू म्हटलं तर ते लागायची वाट बघण्यातच दिवस जातात, म्हणून आधी कृती, मनाचं नंतर. चालायच्या आधी आणि आल्यावर मनाला ० ते १० मध्ये किती बरं वाटतंय, एवढं तिला फोनमध्ये टिपू द्या. पुढच्या वाईट दिवशी तेच आकडे तिला वाचून दाखवा.

ॲप पहिल्यांदा शेजारी बसून लावून द्या, लिंक पाठवून मोकळे होऊ नका. भाषा, अक्षरांचा आकार, लॉक स्क्रीनवर मजकूर लपवणं, हे सगळं तिच्या हाताने करून घ्या. खातं नवऱ्याच्या ईमेलवर आहे का बघा. चालण्याच्या ॲपमधलं लोकेशन शेअरिंग बंद करा; घरात मारहाण होत असेल तर तिचा रोजचा रस्ता तुम्हीच दाखवून दिल्यासारखं होईल.

प्रश्नावली भरून घेतली, वाचली नाही

पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते बघायची प्रश्नावली. तिच्यात नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात, त्यामुळे रोज भरून घेण्यात काही हशील नाही. दोन आठवड्यांनी एकदा पुरे. गुण १० किंवा वर गेले तर डॉक्टरांकडे पाठवा. एक-दोन गुणांच्या चढउतारावर नाचू नका, पाच गुण उतरले तर खरा फरक पडला समजा.

नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी माणसाने बोलायचं आणि स्पष्ट विचारायचं. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. धोका वाटला तर तिला एकटं सोडू नका आणि आपत्कालीन मदत बोलवा. उत्तरं वाचायला कुणी बसणार नसेल तर हा फॉर्म ॲपमध्ये ठेवूच नका. ही एक चूक माफ होण्यासारखी नाही.

बाकीच्या, थोडक्यात

मुलांना दुभाषी करू नका, आई मुलांसमोर खरं बोलणार नाही.

ती नैराश्य म्हणणारच नाही, अंग दुखतं आणि झोप येत नाही असं म्हणेल. ते खरं माना, आणि डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

चालायला लागली म्हणून औषधं बंद करायची नाहीत. तो निर्णय डॉक्टरांचा.

चाळीस जणींच्या गटापेक्षा एकाच गल्लीतली जोडी जास्त टिकते.

अंधार आणि थंडीसाठी घरातला बेत आधीच ठरवून ठेवा: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं आठ वेळा, भिंतीवर हात टेकून आठ दंड, जिन्याच्या दोन फेऱ्या.

व्हिसा, कर्ज, कामावरचा अपमान, यांवर चालणं हे उत्तर म्हणून सांगू नका. कायदेशीर मदत कुठे मिळते तो नंबर जवळ ठेवा.

मूल आजारी पडून दोन आठवडे खंड पडला तर ‘राहिलेलं भरून काढ’ म्हणू नका. आधी जेवढं चालत होती त्याच्या निम्म्यावरून सुरू करा.