रॉक गाण्यात ऑर्गन वाजवताना

साठच्या दशकातील रॉक गाण्यांचा ऑर्गन आजच्या कीबोर्डवर वाजवायचा असेल, तर आधी पियानोची सवय सोडावी लागते. पियानोची पट्टी जोरात दाबली की सूर मोठा होतो. त्या गाण्यांतल्या हॅमंड ऑर्गनवर मात्र बोटाच्या जोराने आवाज वाढत नाही आणि बोट उचलताच सूर थांबतो. म्हणून टच रिस्पॉन्स (बोटाच्या जोरानुसार आवाज बदलणारी सोय) बंद करावा, सूर लांबवणारे सस्टेन पेडल बाजूला ठेवावे आणि आवाजाचे चढउतार एक्स्प्रेशन पेडलवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर) पायाने सांभाळावेत. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलताना दोन्ही कॉर्डमध्ये असलेला सूर धरून ठेवून उरलेलीच बोटे हलवावीत.

लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली आणलेल्या या वाद्यात फिरणाऱ्या धातूच्या चकत्यांपासून सूर निर्माण होतात आणि त्यांचे मिश्रण नऊ ड्रॉबार, म्हणजे सरकत्या पट्ट्या, ओढून ठरते. सुरुवातीला पहिले तीन पूर्ण, म्हणजे ८ पर्यंत ओढावेत आणि बाकीचे बंद ठेवावेत. गिटारांवर मात करायची वेळ आली, तरच उजवीकडचे एकेक उघडावेत. पट्टी दाबताना येणारा बारीक ‘टक्’ आवाज हॅमंड यांना दोष वाटत असे, पण रॉक वादकांना तोच आवडला. त्यामुळे कीबोर्डवर या आवाजाची ‘की-क्लिक’ ही मात्रा शून्यावर नेऊ नये.

खरी जादू, माझ्या मते, लेस्ली या फिरत्या भागांच्या स्पीकरची आहे. त्यातील फिरता कर्णा आणि खालचा पिंपासारखा ड्रम यांना वेग घ्यायला वेळ लागतो, ड्रमला तर अधिकच, आणि वेग वाढत जातानाच आवाज थरारून उठतो. कडव्यात लेस्ली संथ ठेवून ध्रुवपदाच्या किंचित आधी वेगाची कळ दाबावी, म्हणजे तो थरार नेमका ध्रुवपदावर पोहोचतो.

प्रत्येक गाण्याला हा आवाज लागत नाही. ‘द अ‍ॅनिमल्स’ या बँडच्या ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ या गाण्याच्या १९६४ च्या ध्वनिमुद्रणात अ‍ॅलन प्राइस यांनी व्हॉक्स कॉन्टिनेंटल हा ट्रान्झिस्टर ऑर्गन वाजवला. तसा पातळ, धारदार आवाज हवा असल्यास लेस्ली बंदच ठेवावा.

वाद्यवृंदात वाजवताना डाव्या हाताने खालच्या सप्तकात भरगच्च कॉर्ड धरू नयेत, कारण ती जागा बेस गिटारची असते. बॉब डिलन यांच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ या गाण्याच्या १९६५ च्या ध्वनिमुद्रणात अल कूपर हे मूळचे गिटारवादक ऑर्गनवर बसले आणि बाकीच्यांची कॉर्ड ऐकून क्षणभर मागून सूर देत राहिले. ते गाणे लावून, केवळ उजव्या हाताने, तसेच किंचित मागून वाजवण्याचा सराव करावा.