सिंधुदुर्गात डूलाचं काम सुरू करताना

डूला म्हणजे बाळंतपणात बाईला सोबत आणि धीर देणारी. तिचा कोर्स संपवून आमच्या भागात काम सुरू करणाऱ्या मुलींसाठी हे लिहितेय. कळांमध्ये कंबर कशी दाबायची, कूस कधी बदलायला सांगायची, हे तुम्ही शिकलेल्या असणार. मला अडचणीत टाकलं ते एका प्रश्नानं, आणि तो तुमच्यापुढेही येणारच.

पोरगी पहिलटकरीण, माहेरी आलेली. नवरा मुंबईहून निघालाय, अजून चिपळूणच्या आसपास. डॉक्टर बाहेर येऊन म्हणतात, बाळाचे ठोके कमी होतायत, सिझर करावं लागेल. तिची आई तुमचा हात धरते : ''बाय, तूच सांग गो, काय करूचा ता?''

उत्तर द्यायचं नाही. ''नको'' तर नाहीच, ''करा'' हेसुद्धा नाही. मला हे पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा तोंडाला कोरड पडली होती, कारण कोर्समध्ये याची तयारी कुणी करून घेतलीच नव्हती. आपण आतून तपासणी करत नाही, ठोके ऐकत नाही. पण त्या घरातल्या आजीची बाळंतपणं सुईणीच्या हातून झालेली असतात, आणि सुईणीच्या शब्दाचं वजन ती नकळत तुम्हाला देते. त्या वजनापायी अर्धा तास गेला तर भोगतं बाळ.

मग करायचं काय? घरच्यांना डॉक्टरांकडे वळवायचं. कारण काय, हातात वेळ किती, थांबलं तर काय होईल, एवढं त्यांनीच विचारायचं. मिळालेलं उत्तर तुम्ही पोरीच्या कानाशी सोप्या शब्दांत सांगायचं. वेळच नाही म्हणाले, तर प्रश्नही बंद. ऑपरेशनच्या दारापर्यंत तिचा हात सोडू नका. आणि सही तिची. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईला बाजूला ठेवून वडील-काका ठरवत असतील, तर ''तिला विचारूया'' एवढं मात्र ठामपणे म्हणा.

हे सगळं आठव्या महिन्यातच घरी बसून, आजीच्या समोर बोलून ठेवा. मी काय करणार आणि काय करणार नाही, दोन्ही. अंगावरून रक्त जायला लागलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मला फोन करत बसू नका, आधी १०८ला करा, हेही तेव्हाच सांगा. पावसात गाडी मिळेपर्यंत, आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून पुढे गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायची पाळी आली तर, प्रत्येक मिनिट लागतं.

घाबरू नका. नुसत्या सोबतीनं फार फरक पडतो. कॉक्रेन ही संस्था जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २०१७च्या आढाव्यात २६ अभ्यास आणि १५ हजारांहून जास्त बायका होत्या. सतत सोबत मिळालेल्यांमध्ये सिझर कमी, कळांचा काळ थोडा कमी, आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्याही कमी. सरकारी दवाखान्यात सोबतीण ठेवायला केंद्रानं २०१६मध्ये मान्यता दिलीय, पण सोबतीणीनं कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबुड करायची नाही, ही अट आहे. आत सोडतात बहुधा एकीलाच. तिला आई हवी असेल तर तुम्ही मुकाट्यानं बाहेर थांबा.

दोन दिवसांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर माझा काडीचा विश्वास नाही. आपल्याकडे डूलाला सरकारी परवाना नाही, म्हणून कुणीही शिकवतं. डोना इंटरनॅशनलसारखी १९९२पासूनची डूलांची संस्था प्रत्यक्ष बाळंतपणांना हजर राहिल्याशिवाय प्रमाणपत्र देत नाही, आणि तेच बरोबर आहे. माझ्या मते खरी गुरू म्हणजे गावातली आशाताई आणि लेबर रूममधली जुनी सिस्टर.

घरी आल्यावरचे दिवस कुणी धरतच नाही, आणि तिथेच पोरी एकट्या पडतात. कुळथाची पिठी, अळिवाची खीर आजीला करू द्या, तिचं मन मोडू नका. बंद खोलीतल्या शेगडीचा धूर आणि बाळाच्या जिभेवरचं मधाचं बोट मात्र थांबवा. सहा महिने फक्त आईचं दूध. पोरीचं रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ''होईल बरं'' म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे न्या, टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

मानधनाचं पहिल्या भेटीतच बोला. बाळ हातात आल्यावर पैशाचा विषय काढणं फार जड जातं.