भाजीपाल्यासाठी शेणखत: कुजवण्यापासून वाफ्यापर्यंत

पुरंदरचा वाटाणा असो की नारायणगावचा टोमॅटो, पुणे जिल्ह्यातील भाजीपाल्याला शेणखत लागतेच. मात्र किती ट्रॉल्या टाकल्या यापेक्षा ते खत किती कुजले होते, यावर पिकाची वाढ ठरते. ताज्या शेणातील अमोनियाने कोवळी मुळे करपतात, न कुजलेला काडीकचरा कुजवताना जिवाणू जमिनीतील नत्र वापरतात म्हणून रोपे पिवळी पडतात, शिवाय तणाचे बी आणि हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, खताबरोबर शेतात येते. एका वर्षी घाईने मी वांग्याला अर्धकच्चे खत घातले. झाडे सुकू लागली म्हणून एक उपटले, तर ते अलगद हातात आले. मुळे कुरतडलेली होती आणि मातीत तपकिरी डोक्याची, अंग वळवून बसलेली पांढरी अळी होती.

यासाठी सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी शेण, गोमूत्राने भिजलेला गव्हाणीतील उरलेला चारा आणि पालापाचोळा यांचे थर देऊन सुमारे 1 मीटर उंच ढीग रचावा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकाच ओलावा राखावा. आतील उष्णता 55 ते 60 अंशांपर्यंत गेली की तणाचे बी आणि रोगजंतू बहुतांशी मरतात. कडेचा भाग आत यावा म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी ढीग उलथावा. ऊब ओसरल्यावर ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळल्यास मर रोगाला आळा बसतो. मावळ-मुळशीच्या पावसात उघड्या उकिरड्यातील नत्र आणि पालाश वाहून जाते, म्हणून मृगाआधी ढीग झाकावाच. चार ते सहा महिन्यांनी शेणाचा वास जाऊन मातीचा वास येतो, खत काळपट होते आणि चिमटीत घेतले तर चहाच्या भुकटीसारखे सुटे पडते. ढिगात हात घालून ऊब लागली, तर मात्र आणखी थांबावे.

लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे एकरी 8 ते 10 टन खत पसरून लगेच कुळवाने मातीत मिसळावे. 1 टन शेणखतात साधारण 5 किलो नत्र असते, पण पहिल्या हंगामात त्यातील काही भागच पिकाला मिळतो. उरलेली गरज माती परीक्षणानुसार खते देऊन भागवावी. कोंबडीखतात नत्र कितीतरी जास्त असते, त्यामुळे तेही कुजवून आणि बेतानेच द्यावे, नाहीतर टोमॅटोची नुसती पालेदार वाढ होते. पावसाळा सरल्यावर कोकणाकडे निघालेल्या धनगरांची मेंढरे रिकाम्या रानात बसवणे मला अतिशय मोलाचे वाटते, कारण लेंड्या आणि मूत्र दोन्ही थेट जमिनीला मिळतात. कळप उठताच रान नांगरून घ्यावे.

कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या वाफ्यात ताजे शेण किंवा शेणाची स्लरी काढणीआधीच्या चार महिन्यांत अजिबात घालू नये.